मागच्या दाराचा खिळा

८ जानेवारी

बुटके,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीला आलीस तरी माझ्यासाठी तू बुटकीच, तेव्हा नाक मुरडू नकोस. फोन केला की तू "बरं बरं, ठेवते, वर्ग आहे" म्हणून ठेवून देतेस. गणिताच्या बाईंना घाई फार. म्हणून पत्र. पत्र वाचताना तरी तुझी घंटा होणार नाही.

पुढच्या खोलीतलं रफूचं दुकान चाललंय. हल्ली फाटलं की टाकून देतात लोक, पण ज्यांचा एखाद्या कपड्यावर जीव असतो ते अजून जिना चढून येतात. मी अजून मावशीच्याच टेबलावर बसते, तिच्याच दिव्याखाली. समोर काउंटरवर काकांनी केलेली ती रिळाची गाडी आहे, लाल चाकांची. गिऱ्हाइकांची पोरं हात लावायला येतात आणि मी वसकन ओरडते.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. कोपऱ्यावरच्या सभागृहात चित्रकलेच्या बाई आणि दवाखान्यातल्या नर्सबाई मिळून एक काम करतायत. घरात मार खाल्लेल्या बायका आपला एखादा कपडा आणून देतात, त्या दिवशी अंगात होता तोच. लांब भिंतीवर सगळ्या वस्तीने दारं रंगवायची, ज्याने त्याने आपापलं, आणि त्या दारांपुढे हे कपडे टांगायचे. फाटलेलं शिवायचं, पण लाल धाग्याने, ठसठशीत. झालेलंही दिसलं पाहिजे आणि सावरलेलंही, असं बाई म्हणतात. नर्सबाई कोपऱ्यात टेबल टाकून बसतात. बघता बघता कुणी त्यांच्याशी बोलायला थांबली तर पुढची सगळी मदत त्या बघतात. मार्चअखेरीला सभागृह सगळ्यांसाठी उघडणार.

टाके शिकवायला बोलावलं मला. तिथे मी काय दिवे लावले ते ऐक. बेकरीत काम करणारी एक बाई आहे, अबोल. तिने एक झगा दिला, खांद्यापासून बाही फाटलेली. कापड इतकं नाजूक की शिकाऊ हातात द्यायला नको, म्हणून मी दुकानात आणला. आणि बसले की गं रफू करायला! आतल्या दुमडीतून त्याचेच धागे ओढले, उभा आडवा विणत दोन दिवस डोळे फोडले. पोरी, असं काम झालं की मावशीनेही पाठ थोपटली असती. लाल धागा डोक्यातच आला नाही. हाताला जे ठाऊक ते हाताने केलं.

सभागृहात नेऊन दिला. तिने झगा उजेडाला धरला. उलटा केला, सुलटा केला. मी आपली कौतुकाची वाट बघत उभी. ती म्हणाली, "पंधरा वर्षं सगळे मला हेच सांगत आले, काही झालंच नाही म्हणून. आता तुम्हीपण." झगा घडी करून घेऊन गेली. ती गेल्यावर चित्रकलेच्या बाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हा आता माझी पत सावरायला तुझी मदत हवी. मावशीचा तो शेवाळी कोट पाठव. दाराजवळच टांगीन म्हणते, वर पाटी: हे काम कसं असतं ते बघा. मागच्या दाराच्या खिळ्याला अडकून खांद्यावर फाटला होता आणि तिने तो असा रफू केला की शिकत असताना मला तो टाका शोधायला तीन दिवस लागले. आठवतं, काका काय म्हणायचे? "हे दार माझ्या बायकोच्या प्रेमात आहे, सोडतच नाही तिला." आणि आपण दोघी हसून लोळायचो. जिन्यावर त्यांची शीळ ऐकू आली की धावायचो. किती चांगले दिवस होते गं ते. आई गेल्यावर आपल्याला कशाचीच कमी पडली नाही.

मावशीला काय सांगायचं ते तू सांग. माझं आणि तिचं तुला माहीत आहे. तुझ्या बाळंतपणाला म्हणून गेली ती वीस वर्षं तिकडेच. काका अंथरुणाला खिळले तेव्हासुद्धा आली नाही. मी तो विषय काढणार नाही म्हणते आणि काढते.

तुझी,
ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र वर्गात वाचलं. मुलं गणितं सोडवत होती आणि बाई पत्र वाचत होत्या, तेव्हा घंटेचा टोमणा परत घे.

आम्ही सगळे ठीक. लेकीची परीक्षा जवळ आली आहे. मावशी ठणठणीत आहे. डोळे अधू झालेत, पण सुईत दोरा मी ओवून दिला की पुढचं बोटांनीच करते. माझ्या परकराच्या नाडीपासून शेजाऱ्यांच्या पडद्यांपर्यंत काही सोडत नाही. रोज विचारते, "दुकानातला दिवा बदलला का तिने? तारा जुन्या झाल्यात त्याच्या." तुझं नाव घेत नाही, दिव्याचं घेते.

बेकरीतल्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही.

कोटाचं राहू दे. फार जुना झालाय, कसर लागली असेल. टपालात हरवला तर काय घ्या. तुझ्या दुकानात तुझंच इतकं चांगलं काम आहे, त्यातलं काहीतरी टांग.

एक विचारू? त्या मागच्या दाराला खिळा होता का गं? तू तर अजून त्याच घरात राहतेस. जरा बघ.

तुझी,
बुटकी


२ फेब्रुवारी

बुटके,

हे काय लिहिलंस तू? वाचून चार दिवस डोकं भणभणत होतं.

बघितलं दार. पत्र हातात घेऊनच मागे गेले आणि वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. खिळा नाही. खिळा उपटला तर भोक राहतं, भोक बुजवलं तर बोटाला लागतं, एवढं मलाही कळतं. तेही नाही. पण कोयंडा आहे. कोयंड्याला अडकला असेल आणि आपण खिळा म्हणत राहिलो असू. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

आता तू काय सुचवतेस ते न कळण्याइतकी मी बावळट नाही. काय म्हणायचंय ते सरळ म्हण, मुलांना घालतेस तशी मला कोडी घालू नकोस. पण म्हणायच्या आधी आठव, तुला गालगुंड झालं होतं तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं? रिकामी रिळं घासून चाकं कुणी केली? आपल्यावर कधी कुणी हात उगारला? सायकलवर मला पुढे आणि तुला मागे बसवून नदीपर्यंत कोण न्यायचं? शेवटचे आठ महिने त्यांना मी भरवलं आहे, बुटके. सारखे दाराकडे बघायचे. मावशीची वाट बघतायत म्हणून मला भडभडून यायचं, आणि तिचा मनापासून राग यायचा. तो राग अजून आहे. तो खोटा होता असं तू आता मला सांगणार असशील, तर त्या आठ महिन्यांचं मी काय करू?

माझ्याकडे दुसरं लहानपण नाही. एकच आहे.

बेकरीतल्या बाईकडे माफी मागायला गेले होते. तिने दार उघडलं नाही. आतून भांड्याचा आवाज येत होता, म्हणजे घरात होती. 

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सरळ लिहिते.

गालगुंड झालं होतं तेव्हाचंच आहे. मी नऊ वर्षांची. तू शाळेत होतीस. मी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर पडले होते, आपली जागा ती. मला मावशीचे बूट दिसले. मग कोटाची कड दिसली. तिने वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "ऊठ, बूट घाल. शाळेतून ताईला घेऊ आणि जाऊ." कुठे ते मी विचारलं नाही. तिच्या हातात पिशवी होती. ओठ फुटलेला होता, त्यावर तिने पावडर लावली होती.

मी बुटाचे बंद बांधत होते आणि जिन्यावर शीळ ऐकू आली.

ते ओरडले नाहीत. मावशी मागच्या दारापर्यंत पोचली होती. त्यांनी मागून कोट धरून ओढला, तेव्हा खांद्याजवळ टर्रकन आवाज झाला. मग भिंतीवर काहीतरी आपटल्याचा. मी डोळे मिटले होते, म्हणून पुढचं बघितलं नाही, ऐकलं. नंतर त्यांनी कडी लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि माझ्या उशाशी येऊन बसले. खिशातून रिकामी रिळं काढली आणि मला गाडी करून दिली. लाल चाकांची. ती तू संध्याकाळी माझ्याकडून हिसकावून घेतलीस आणि मी रडले नाही. तेव्हा तुला नवल वाटलं होतं.

मावशी रफूला बसली. भिंतीवर आपटलेल्या हाताला ओलं फडकं बांधून बसली. मला म्हणाली, "ताईने विचारलं तर दाराचा खिळा. शपथ घे. तिला ते आवडतात, राहू दे तिचं तिला." मी शपथ घेतली. चाळीस वर्षं पाळली आणि आज मोडली. ते त्यांचं दाराच्या प्रेमाचं वाक्य तू किती हौसेने लिहिलंस. आता परत वाच.

कोट ती घरात कधी घालायची नाही. लांब कुठे जायला निघाली की घालायची. तुझं पत्र आल्यावर मी तो काढला आणि खालची दुमड उसवून बघितली. आत धागेच नाहीत, ताई. नुसती पोकळ. तू रफूवाली आहेस, तूच सांग, एका खिळ्याला इतका धागा लागतो का?

आपल्यावर त्यांनी हात उगारला नाही, हे खरं आहे. नदीही खरी, सायकलही खरी. ते मी खोडत नाही, मलाही ते आठवतं आणि चांगलंच वाटतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. मावशीला मी आज सांगणार आहे की तुला लिहिलं. कोट तिचा आहे. मागायचा असेल तर तिच्याकडे माग. पण मागण्याआधी थोडं थांब.

तुझी,
बुटकी


९ मार्च

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बुटकीचे चार फोन मी उचलले नाहीत. रागाने नाही, आधी तुला लिहायचं होतं. तुला पत्र लिहायला वीस वर्षांत पहिल्यांदा बसले आहे आणि तिसरा कागद चालू आहे.

एका खिळ्याला बोटभर दुमड पुरते. हे मला तूच शिकवलंस. तरी तो कोट मी शिकत असताना तीन दिवस हातात धरला, खालून वरून चाचपला, आणि दुमड पोकळ लागली तेव्हा वाटलं, जुना आहे, झिजला असेल. कापडाच्या बाबतीत एवढी आंधळी मी कधीच नव्हते. मला दिसायला नको होतं, हेच खरं.

काका गेले त्या दिवशी मी तुला फोनवर जे बोलले ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. "दगड आहेस तू" म्हणाले होते. तू फक्त विचारलंस, "तू जेवलीस का?" मावशी, मी चुकले. तू निघालीस तेव्हाही आम्हा दोघींना घेऊन निघाली होतीस, म्हणूनच तुला सुटायला इतकी वर्षं लागली. एकटी असतीस तर पहिल्याच खेपेला सुटली असतीस.

बुटकीचं पत्र आल्यावर आठवडाभर दुकान बंद ठेवलं. मग एक चिठ्ठी लिहिली आणि बेकरीतल्या बाईंच्या दाराखालून आत सरकवली: चूक माझी, तुम्ही म्हणाल तर तुमच्यासमोर बसून उसवून देते. दहा दिवसांनी त्या दुकानात आल्या, झगा घेऊन. आणि गंमत बघ, मला माझंच रफू सापडेना. भिंग लावलं, दिवा खाली ओढला. त्या शेजारी बसल्या होत्या. न बघता बोट ठेवून म्हणाल्या, "इथे." बरोबर तिथेच होतं. एकेक धागा काढायला दुपार गेली. घालताना दोन दिवस लागले होते, पण काढणं जास्त अवघड गेलं. सगळं उघडं झाल्यावर त्यांनी लाल धाग्याची लड उचलली आणि म्हणाल्या, "आता मी." टाके वेडेवाकडे आले. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. मग आम्ही झगा सभागृहात नेला, तिथे त्या आपणहून नर्सबाईंच्या टेबलाशी गेल्या आणि तासभर उठल्या नाहीत.

भिंतीवर मीही एक दार रंगवलं. आपलं मागचं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, जरा वाकडं झालंय. म्हटलं, आहेच वाकडं.

ती गाडी मी फेकली नाही. काउंटरवरून काढून खणात ठेवली आहे. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, आणि लहानपण आठवलं की अजूनही आधी शीळच आठवते. तुला हे आवडणार नाही, पण तुझ्याशी आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

कोट मी मागत नाही. आधी मागितला त्याचीही लाज वाटते. दिव्याच्या तारा बदलल्या. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
ताई


१९ मार्च

चि. ताईस,

आशीर्वाद. अक्षर मोठं आहे कारण दिसत नाही. बुटकी लिहून देते म्हणाली, मी नको म्हटलं. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर चालवून घे.

दगड म्हणालीस त्याचं मनावर घेतलं नव्हतं. तू आठ महिने एकटीने आजारपण काढलंस, कुणावर तरी ओरडायला हवं होतं. माझ्यावर ओरडलीस, घरच्या माणसावरच ओरडतात.

आता कोटाचं. बुटकीला एकाच रफूचं खरं ठाऊक आहे, तुला तेही ठाऊक नव्हतं. एकूण सात आहेत. पाठीवर दोन, कॉलरखाली एक, डाव्या बाहीत दोन, खिशाजवळ एक, आणि खांद्याचा तू शोधलेला. तुला तीन दिवस लागले आणि तरी एकच सापडला, म्हणून मी तेव्हा तुला पास केलं नव्हतं.

गेले आठ दिवस मी उसवते आहे. बुटकी भिंग धरते, पण मला लागत नाही, बोटाला कळतं. रात्री झोप चांगली लागते. सहा झाले. सातवा, खिशाजवळचा, मी उसवणार नाही आणि तुम्हीही हात लावायचा नाही. तो खरंच खिळ्याचा आहे. वीस वर्षांपूर्वी तिथून निघाले तेव्हा बसच्या पायरीवर एक खिळा वर आला होता. कोट अडकला आणि फाटला. मला वाटलं, त्यांनी मागून धरलं. अंगातून जीव गेला. वळून बघितलं तर कुणी नव्हतं, नुसता खिळा. इतकी हसले की कंडक्टर म्हणाला, बाई, बरं आहे ना? इथे येऊन पहिलं काम तेच रफू केलं. दुमडीतला शेवटचा धागा त्यात गेला. तो तसाच राहू दे. पाटी लावायची असेल तर त्याच्यावर लाव.

त्यांची शीळ आठवते म्हणून माझी माफी मागू नकोस. चांगली वाजवायचे. मीही त्या शिळेलाच भुलले होते. गाडी बुटकीला परत दे, तिची आहे.

कोट टपालाने पाठवणार नाही. अंगात घालून येते, शनिवारी दुपारच्या बसने. बुटकी आणि तिची लेक बरोबर आहेत. सहा ठिकाणी फाटका दिसेल, लोक बघतील तर बघू देत. आधी घरी येऊ, मग सभागृहात. मागच्या दाराने येणार आहे, तेव्हा कडी काढून ठेव. भिंतीवर दार रंगवलंस ते चांगलं केलंस. त्यावर खिळा रंगवला असशील तर पुसून टाक.

बेकरीतल्या बाईंना म्हणावं, माझा कोट आपण दोघी मिळून शिवू. लाल धागा तुझ्या दुकानातला. सुई माझी मी आणते, तुझ्या सुया पहिल्यापासून जाड.

मावशी